आढ्याचं वळण

फिलिपानं छापून आणलेली पत्रकं दुपारपर्यंत गाडीतच राहू देत असं होल्गरनं बजावलं होतं. तरी त्यातलं एक नाश्त्याच्या टेबलावर आलंच. चीज आणि राय पावाच्या मध्ये ते पडलं होतं आणि बसलेल्या पाचही जणांची त्याच्याकडे न बघण्याची धडपड चालली होती.

शेवटी ग्रेथनं ते उचललं. चष्मा लावला.

"कागद छान आहे," ती म्हणाली. "जाड आहे. 'गेल्या वर्षातली आमची कामं.' शाळेचं नवं दार. बंदरावरची शिंपल्यांची वखार. वृद्धांची घरं. हेस्टबेकचं सभागृह, ज्याबद्दल राजधानीतल्या मासिकानं लिहिलं. सगळ्यांखाली रचना एस्बेन त्वेरमोस." तिनं पान उलटलं. "आणि इथे खाली, बारीक अक्षरात, तांत्रिक साहाय्य आर. त्वेरमोस. हा आर कोण?"

"आई, पुरे," एस्बेन म्हणाला.

"आणि वर मोठ्या अक्षरात 'त्वेरमोस आणि पुत्र'." ग्रेथनं चष्मा काढला. "मला दोन मुलं झाली होती. की मला विसरायला होतंय आता?"

थोरली रॅगनहिल्ड पावाला लोणी लावत राहिली. लोणी कडेपर्यंत नीट पोचायला हवं होतं.

"तो नुसता शब्द आहे," फिलिपा म्हणाली. ती एस्बेनची बायको. तीन वर्षांपूर्वी दोघं कोपनहेगनहून मोर्स बेटावर परत आली तेव्हापासून फर्मचं बाहेरचं बोलणंचालणं ती पाहायची. "लोकांच्या कानाला ओळखीचा वाटतो. जुन्या फर्मसारखा. आणि बाबा आज भाषणात नवं नाव जाहीर करणारच आहे, म्हणून मी..."

"बाबानं अजून काही ठरवलेलं नाही," होल्गर म्हणाला. तो उकडलेल्या अंड्याचं डोकं चमच्यानं ठोकत होता.

"मग आज काय जाहीर करणार आहेस?"

"आज जेवायला सॉसेज आहेत, हे."

"'आणि कन्या' कानाला टोचलं असतं का गं?" रॅगनहिल्डनं फिलिपाला विचारलं. आवाज साधा होता.

"तू असं घेऊ नकोस."

"मी कसंच घेत नाहीये. विचारतेय."

"मी नाही लिहिलं ते," एस्बेन म्हणाला.

"खोडलंही नाहीस."

होल्गरनं अंड्यावर मीठ टाकलं. मग ग्रेथनं, जिला शांतता फार वेळ सोसत नसे, सगळ्यांच्या मनातला प्रश्न विचारून टाकला.

"मग आज हेस्टबेकला तोरण कोण बांधणार?"

छपराचे वासे उभे राहिले की मालकानं सुतारांना बिअर आणि सॉसेज खाऊ घालायची, आणि आढ्यावर स्प्रूसच्या डहाळ्यांची तीन गोल तोरणं चढवायची, ही सगळ्या मुलखाची रीत. त्वेरमोसांच्या घरी तिला एक पुस्ती होती. दोन तोरणं सुतार बांधत. मधलं, ज्यानं घर कागदावर काढलं तो स्वतः चढून बांधी. होल्गरनं ते आयुष्यभर केलं. गुडघे गेल्यावर त्यानं रॅगनहिल्डला चढवलं आणि काही वर्षं ते कुणाला वावगं वाटलं नाही. एस्बेन परत आल्यापासून एस्बेन चढे. तो अकादमीत शिकलेला आर्किटेक्ट होता. रॅगनहिल्ड तांत्रिक शाळेतली, म्हणजे भिंत कुठे संपते आणि पाणी कुठे जातं हे काढणारी.

"ज्यानं घर काढलं तो," होल्गर म्हणाला, आणि अंड्यात चमचा घातला.

फिलिपानं टेबलाखाली नवऱ्याचा गुडघा दाबला. रॅगनहिल्डला तो हात दिसला नाही, पण खांदा हललेला दिसला.

तिच्याजवळ एक आकडा होता, आणि तो फक्त तिच्याजवळच आहे अशी तिची समजूत होती.

हेस्टबेकचं जुनं सभागृह ही होल्गरची पहिली इमारत. एकोणीसशे चौऱ्याहत्तरमध्ये त्यानं स्वतः खुंट्या ठोकून, दोऱ्या ताणून आखलेली. छप्पर कुजलं म्हणून गावानं ती उतरवली आणि पाया ठेवला. नव्या सभागृहासाठी एस्बेननं बापाचा जुना नकाशा घेतला आणि त्यावर काढायला बसला. "एकदा मोजून येऊ," रॅगनहिल्ड म्हणाली होती. "बाबानं आखलंय," एस्बेन म्हणाला होता. "काय मोजायचंय त्यात?" कारागिरांपैकी कुणी असं बोललं नसतं. हे त्यांच्याच घरात होऊ शकत होतं.

ती एका रविवारी एकटी गेली आणि मोजून आली. नकाशातला आयत जमिनीवर आयत नव्हता. शेताकडची लांब भिंत फिओर्डकडे, म्हणजे खाडीकडे, जाता जाता आत सरकली होती. टोकाला एकेचाळीस सेंटिमीटर. एस्बेनचं सरळ आढं त्या पायावर ठेवलं असतं तर एका बाजूचे वासे भिंतीला सोडून हवेत राहिले असते.

त्या वसंतात होल्गरच्या छातीची शस्त्रक्रिया झाली होती. तिनं कुणाला काही सांगितलं नाही. कामाचे नकाशे करताना तिनं आढं मध्यावर तोडलं. अर्ध्यापर्यंत सरळ, पुढे किंचित फिओर्डकडे वळवलेलं. तो कोन शोधायला तिला तीन आठवडे लागले, कारण चुकीचा कोन डोळ्याला चूक वाटतो आणि बरोबर कोन जाणवतच नाही. एस्बेननं फोनवर बोलता बोलता त्या नकाशांवर सही केली.

बापाला जपायला गप्प राहिले, असं ती स्वतःला सांगे. ते खरं होतं. पण पुरतं नव्हतं. एस्बेननं सही करण्याआधी एकदा तरी नकाशा बघावा, थबकावं, आणि तिच्या टेबलापाशी येऊन विचारावं, हे काय केलंस, याची ती वाट बघत होती. तो आला नाही. आणि गेल्या महिन्यात मासिकवाला येऊन लिहून गेला की या छपरातलं ते एक वळण, घरानं समुद्राकडे बघायला मान फिरवावी तसं, गेल्या कित्येक वर्षांत या किनाऱ्यावर काढलेल्या सर्वांत सुंदर रेषांपैकी आहे. खाली नाव एस्बेनचं.

तिनं तो लेख एकदाच वाचला. पुन्हा वाचायची गरज नव्हती, पाठ झाला होता.

*

हेस्टबेकला वारा होता. झेंडा ताठ उडत होता आणि सॉसेजच्या कढईचा धूर आडवा पळत होता. एस्बेन गाडीतून उतरला तेव्हा सुतारांचा मुकादम विलाड्स दोन्ही हात पसरून पुढे आला आणि त्याच्या शेजारून निघून गेला.

"रॅगनहिल्ड! ये, ये बघायला. तुझे वासे कसे बसलेत बघ. पातं घालायला फट नाही."

"नवव्या वाशाचं काय झालं?"

"नववा रडला. मग बसला."

दोघं हसत आत गेली. तुझे वासे. एस्बेन झेंड्याखाली उभा राहिला. आपल्याला कुणी बिअर आणून दिलेली नाही हे त्याच्या लक्षात आलं. मग ते लक्षात आल्याची त्याला लाज वाटली.

लहानपणापासून हे असंच होतं. बांधकामावर गेलं की लोक ताईशी बोलत. बाबा तिला मोजपट्टीचं दुसरं टोक धरायला देई, आणि एस्बेनला म्हणे, तू चित्र काढ. घरी आल्यावर ती दोघं जेवताना काँक्रीटबद्दल बोलत. त्याला कधीही ते टोक धरायला मिळालं नाही.

"असा का उभा आहेस?" फिलिपा मागून आली. "हस जरा. वर्तमानपत्रवाली आलीये."

"फिलिपा, ते वळण माझं नाही."

"कुठलं वळण?"

"एकच आहे. आढ्यातलं." तो हळू बोलत होता. "मी सरळ काढलं होतं. वासे उभे राहिले तेव्हा मी पहिल्यांदा बघितलं."

फिलिपानं त्याच्याकडे बघितलं, मग वर, मग पुन्हा त्याच्याकडे. "मासिकवाल्याला तू काही बोलला नाहीस."

"तो आला, वर बघितलं आणि माझा हात धरला. मी काय बोलणार होतो?"

"मग कुणाचं आहे?"

"बाबाचं. आणखी कुणाचं असणार? अजून पहाटे उठून ऑफिसात जाऊन बसतो, मऊ पेन्सिल घेऊन. माझ्या कागदांवरून हात फिरवतो. मला न विचारता सुधारलंय त्यानं, शाळेतल्या पोराची वही सुधारावी तसं. आणि आता गप्प बसून बघतोय, मी कबूल करतो की नाही."

"तुला खात्री आहे?"

"ती रेषा बघ ना. आपल्यात एवढी चांगली रेषा कोण काढतं?"

फिलिपाच्या मनात कुणाचं तरी नाव येऊन गेलं असावं, कारण तिनं आत, वाशांखाली उभ्या असलेल्या नणंदेकडे बघितलं. पण ती एवढंच म्हणाली, "तासाभराचा प्रश्न आहे. गप्प राहा. एकदा नाव जाहीर झालं की मग घरी काय ते बोल."

"सबंध इमारतीबद्दल एकच वाक्य त्यानं कौतुकाचं लिहिलं. आणि नेमकं ते माझं नाही."

"सॉसेज खा," फिलिपा म्हणाली.

*

होल्गर ग्रेथच्या दंडाला धरून आत आला आणि मधोमध थांबला. त्यानं वर बघायचं लांबवलं. आधी खांब बघितले, मग सांधे, मग विलाड्सचे बूट. मग बघितलं.

लेख त्यानं तीनदा वाचला होता, तिन्ही वेळा दार लावून. पन्नास वर्षं तो या बेटावर घरं बांधत होता. शाळा, दवाखाना, अर्ध्या गावाची स्वयंपाकघरं. त्याच्या एकाही रेषेसाठी राजधानीतून कुणी कधी फेरीबोटीत बसलं नव्हतं. आणि पोरगा तीन वर्षांत. त्याला अभिमान वाटायला हवा होता, आणि तो लोकांसमोर अभिमान दाखवत होताही. नाव जाहीर करायचं मात्र तो दर आठवड्याला पुढे ढकलत होता. काय ठरत नाहीये, असं ग्रेथनं विचारलं की तो काठी उचलून बाहेर पडे.

"सुंदर आहे," ग्रेथ म्हणाली.

"हं."

"तुला पोटात दुखतंय."

"गप."

तो फिओर्डकडच्या टोकापर्यंत चालत गेला. डोळ्यांनी आढ्याची रेषा धरून, जिथे ती वळते तिथून, खाली भिंतीच्या माथ्यावर, तिथून खाली जुन्या पायावर. काठी त्यानं काँक्रीटच्या कडेला लावली आणि कडेकडेनं चालायला लागला. जुन्या सभागृहात इथे बाक होता. शेताकडच्या सबंध भिंतीला लागून त्यानं लाकडी बाक केला होता, पुढची कड सरळ, एका टोकाला ऐसपैस आणि फिओर्डकडच्या, स्वयंपाकघराच्या टोकाला इतका अरुंद की मोठ्या माणसाला टेकता येत नसे. गाव त्याला पोरांचं टोक म्हणायचं. नव्या सभागृहातही पोरांचं टोक हवंच, असा गावानं ठराव केला होता.

होल्गर उभा राहिला. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यानं पुसलं नाही.

हे वळण सौंदर्यासाठी काढलेलं नव्हतं. वर त्याचीच भिंत होती. त्याची ती वाकडी दोरी कुणीतरी धरून आढ्यापर्यंत नेली होती, आणि तिथे ती वाकडी दिसत नव्हती. आणि ते करायला आधी इथे येऊन, गुडघ्यावर बसून, पट्टी लावायला हवी. एस्बेन पट्टी लावत नाही.

"ग्रेथ," तो म्हणाला. "तुला ठाऊक होतं?"

"कशाचं?"

"भिंतीचं."

"होल्गर, मी पन्नास वर्षं त्या बाकावर बसलेय. माझ्या ढुंगणाला ठाऊक होतं."

"कधी बोलली नाहीस."

"तू बोललास?"

बाहेर रॅगनहिल्ड विलाड्सशी काहीतरी बोलत, दोन बोटांनी हवेत कोन दाखवत होती. होल्गर तिच्याकडे बघत राहिला. पोराचा हेवा करताना आपण चुकीच्या माणसाचा हेवा करत होतो, हे त्याला कळलं. त्यानं बरं वाटलं नाही. हेवा फक्त जागा बदलून बसला.

*

गावच्या समितीच्या अध्यक्ष बाईंनी आभार मानले, सुतारांना हुर्रे झालं, तीन आखूड आणि एक लांब. दोन तोरणं वर गेली. मग सगळे होल्गरकडे वळले.

तो बिअरच्या पेटीवर चढला नाही, तिच्या बाजूला उभा राहिला.

"पहिलं सभागृह बांधलं तेव्हा," तो म्हणाला, "इथे तुमचे आईबाप उभे होते आणि पाऊस होता. बिअर तेवढीच वाईट होती."

लोक हसले.

"आज मी ऑफिसच्या नावाबद्दल बोलणार, असं मला सांगण्यात आलंय."

फिलिपा गाडीकडे सरकली. डिकी उघडली, पत्रकांचं खोकं पुढे ओढलं. रॅगनहिल्ड सुतारांमध्ये उभी होती, हात खिशात. बापानं एकदा आपल्याकडे बघावं एवढंच तिला हवं होतं, आणि तो सगळीकडे बघत होता.

"पण आधी रीत," होल्गर म्हणाला. "मधलं तोरण."

लोकांनी एस्बेनसाठी वाट केली. कुणीतरी त्याच्या पाठीत थाप मारली. तो शिडीपर्यंत गेला, तोरण हातात घेतलं, आणि तिथेच उभा राहिला.

"मला नाही बांधता येणार," तो म्हणाला.

"चक्कर येते का रे?" एक सुतार ओरडला.

"नाही." त्यानं वर बोट केलं. "मासिकात ज्याबद्दल लिहून आलं ते मी काढलेलं नाही. मी आढं सरळ काढलं होतं. ते वळवलं बाबानं." तो बापाकडे वळला आणि त्याचा आवाज चढला. "घे. बोललो मी. हेच ऐकायचं होतं ना तुला? आता खूश?"

मग पाठीमागून कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळं गाव टाळ्या वाजवायला लागलं, म्हाताऱ्यांनी आधी. "होल्गर! अजून आहे बघा हात!" "मला वाटलंच होतं!" अध्यक्ष बाईंनी डोळे पुसले.

होल्गरनं हात वर केला नाही. नाही म्हणाला नाही. टाळ्या चालू होत्या तोवर तो उभा राहिला, हनुवटी किंचित वर करून, आणि रॅगनहिल्डनं ते बघितलं. वाक्यं निवडून बोलणारा तिचा बाप टाळ्या पीत होता. त्या तिच्या होत्या. तिला तोंड उघडता आलं असतं. एक आकडा सांगितला असता तर बाप आणि भाऊ दोघंही गावासमोर उघडे पडले असते. तो आकडा तिच्या जिभेवर होता.

टाळ्या थांबल्या. होल्गरनं घसा साफ केला.

"ज्यानं काढलं, तो चढतो," तो म्हणाला. "एस्बेन, ते तोरण तुझ्या बहिणीकडे दे."

लोक पुन्हा हसले. "बरोबर! म्हाताऱ्याचे गुडघे, लेकीचे पाय!" सगळ्यांना वाटलं, ती बापाच्या वतीनं चढणार.

एस्बेन हसला नाही. तो बापाच्या तोंडाकडे बघत होता. मग बहिणीकडे. तिनं हात पुढे केला होता, आणि शिडी धरून उभा असलेला विलाड्स तिला अगदी सहज म्हणत होता, "चल, तुझं वळण तूच बांध. माझी पोरं केव्हाची वाट बघतायत."

एस्बेनच्या हातातून तोरण तिच्या हातात आलं. त्याची बोटं लगेच सुटली नाहीत.

"तू?" तो म्हणाला.

"तू सही केलीस त्यावर," रॅगनहिल्ड म्हणाली, आणि चढली.

वर वारा जास्त होता. तिनं आढ्याच्या सांध्यावर पाय रोवले आणि लाल-पांढऱ्या फिती बांधल्या, दुहेरी गाठ मारून. एका बाजूला फिओर्ड, दुसऱ्या बाजूला मोहरीचं पिवळं शेत. खाली फिलिपानं पत्रकांचं खोकं डिकीत मागे ढकललं आणि झाकण आपटलं. एस्बेन शिडीच्या पायथ्याशी मान वर करून उभा होता. ओठ मिटलेले, डोळे बारीक. तो चेहरा रॅगनहिल्डच्या चांगला ओळखीचा होता. तीन वर्षं आरशात तिनं तोच पाहिला होता. त्याची कीव यायला हवी होती. तिला बरं वाटलं. गाठ पक्की झाली होती तरी ती आणखी थोडा वेळ वर थांबली.

उतरली तेव्हा लोक खाण्याकडे वळले होते. होल्गर कागदी बशी घेऊन एकटाच भिंतीला टेकला होता, जिथे पोरांचं टोक होतं तिथे. ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. त्यानं तिच्याकडे न बघता तिच्या हातात सॉसेज दिलं.

"किती?" तो म्हणाला.

"एकेचाळीस."

त्यानं थोडा वेळ चावलं. "मला तीस वाटलं होतं."

"तू मोजलं होतंस?"

"नाही. बाक केला."

तिला हसू आलं आणि ते तिनं मोहरीच्या चटणीबरोबर गिळलं. पलीकडे एस्बेन अध्यक्ष बाईंचं बोलणं ऐकत होता, म्हणजे मान हलवत होता, आणि नजर इकडे होती.

"गावाला सांगशील?" तिनं विचारलं. "की ते तुझं नाही."

"रविवारी. जेवताना. आपल्यात." मग, तिनं मान वळवलेली बघून, "गावाला नाही, रॅगनहिल्ड. ते मला जमणार नाही. नाव मात्र बदलतो."

"कसं?"

"ऑफिसच्या दारावर पाटी केवढी बसते?"

"दीड मीटर. खिडकीपर्यंत."

"मग दोघांची नावं मावतील. तुझं आणि त्याचं. माझं काढून टाका."

हेच तिला हवं होतं. सकाळी स्वयंपाकघरात कुणी हे सांगितलं असतं तर ती टेबलावरून उठून बाहेर जाऊन रडली असती. तिनं एस्बेनकडे बघितलं. तो अजून बघत होता. तिनं बोटांना लागलेली चटणी कागदाला नीट पुसली, कागदाची घडी केली, घडीची घडी केली.

"मावतील," ती म्हणाली. "आधी कुणाचं?"